ही कोण?

देवकाबाई भरदुपारी अड्याळच्या बाजारातून घरी यायला निघाल्या आणि भलत्याच वाटेला लागल्या. सापडल्या तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता.

तेरवीनंतर चेन्नईची डॉक्टर भेटायला आली. खेड्यातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर ती संशोधन करत होती. "अशा बायकांपर्यंत आम्ही कधी पोचतच नाही," ती देवकाबाईंच्या मुलीला, रिताला, इंग्रजीत म्हणाली. "पण मागच्या खेपेला तुमच्या आईंची स्मरणशक्तीची तपासणी तर उत्तम झाली होती. मग घरची वाट कशा चुकल्या?"

त्या तपासणीत आईचं बोलणं डॉक्टरला इंग्रजीतून रिताच सांगत होती. 'बुढी बयाड झाली', म्हातारीला वेड लागलं, असं गावात व्हायला नको, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

रिताकडे बोट दाखवून डॉक्टरनं विचारलं होतं, "ही कोण?"

आई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोनाची पोरगी होय वं बाई तू? मले त ओरखूच नाई येऊन राहिलं."



"माझी मुलगी आहे, म्हणते," रितानं सांगितलं होतं.