मशीनवरचा नारळ

रक्तातली प्रथिनं तपासणीसाठी तयार करणारं मशीन आमच्या सोलापूरच्या लॅबमध्ये आलं, तोवर तेच काम हातानं करून माझा अंगठा सुजला होता. "आता माणसाचा हात लागायलाच नको," म्हणत सरांनी मशीनवरच फोडायला नारळ उचलला. "सर, आत सांगोल्याकडच्या पेशंटांच्या रक्ताचे नमुने उघडे आहेत की," मी म्हणाले. "बाहेर फोडू." "देवाचं पाणी आहे ओ, काय होतंय?" म्हणत सरांनी तो मशीनवरच फोडला. पाणी आतपर्यंत उडालं. टाळ्या झाल्या, पहिलं खोबरं सरांनी मलाच दिलं. पुढं पुण्याच्या मुख्य लॅबचा रिपोर्ट आला: सगळ्यांच्या रक्तात नारळाची प्रथिनं. नमुने वाया गेले, आणि त्या पेशंटांपैकी काहीजण पुन्हा रक्त द्यायला उरलेच नव्हते. पुण्याहून फोन आला. माझ्यासमोरच सर म्हणाले, "मशीन चोख आहे. आमच्या बाईंनीच कुठंतरी हात लावला." फोन ठेवून माझ्याकडं वळले, "उद्यापासून येऊ नका. जाताना शिपायाला सांगा, नव्या नमुन्यांसाठी नारळ आणायला."