बाजूची सीट

"सॉरी, डार्ल," काउंटरवरच्या बाईने लायसन्स उघडलेला फोन चारुताकडे परत फिरवला. "येत्या सोमवारपासून तीन महिने तुमचं लायसन्स सस्पेंड आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नाही देता येणार."

चारुताला वाटलं, फोन दुसऱ्या कोणाचा असेल. पण फोटो तिचाच होता, चौथ्या टेस्टला पास झाल्या दिवशीचा, नको इतका आनंदी. त्याखाली लिहिलं होतं, दंडाचे तेरा पॉइंट्स. लायसन्स जायला लागतात तेवढे बरोबर. चारुता पन्नासच्या रस्त्यावर अडतीसने जायची. सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या एका सायकलवाल्या आजोबांनी तिला ओव्हरटेक केलं होतं आणि वर हात हलवला होता.

ती बाहेर येऊन गाडीत बसली. गाडी सुरू केली नाही.

ग्रीसमधल्या क्रीट बेटाचं बुकिंग होऊन दोन महिने झाले होते. ऑक्टोबर, म्हणजे तिकडचा शरद. गर्दी ओसरलेली, पाणी अजून कोमट. सिडनीसारख्या गावात राहून दुसरा समुद्र बघायला दिवसभर उडायचं, याला तिचा नवरा भास्कर 'ब्रेक' म्हणत असे. चारुताला त्या सगळ्यातलं एकच हवं होतं. दक्षिण किनाऱ्यावर उतरणारा घाट, शेवटच्या वळणावर एकदम समोर येणारा समुद्र, आणि तिथवर गाडी तिने आणलेली. भाड्याच्या गाडीच्या फॉर्मवर 'सेकंड ड्रायव्हर'पुढे टिक करून घ्यायला तिला भास्करशी तीन आठवडे भांडावं लागलं होतं.

मग तिला सह्या आठवल्या.

भास्करच्या गाडीवर रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने पकडल्याची, दंडाची नोटीस यायची. त्याचे पॉइंट्स भरत आले होते, तिची पाटी नुसतीच कोरी पडून होती. त्यांच्या ग्रुपमध्ये याला खोटं बोलणं म्हणत नसत, ॲडजस्टमेंट म्हणत. पहिल्या कागदावर, गाडी मी चालवत होते, अशी सही तिने वाचून केली होती. एकदाच म्हणून. पुढचे कागद गाडीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स आणि कौन्सिलच्या कराच्या गठ्ठ्यातून आले. "इथे सही कर. वाचतेस काय, भरलंय मी सगळं." घरातली पत्रंही तोच उघडायचा. त्याला तो घरकामात मदत म्हणायचा.

आणि बायकोच्या नावावर एवढे दंड लावले की त्यांना साजेशी बायकोही तयार करावी लागते. गेल्या महिन्यात क्वेकर्स हिलला ग्रुपमधल्या हृषिकेशकडे जेवायला गेले होते, तेव्हा भास्कर म्हणाला होता, "ॲक्सिलरेटरवर हिचा पाय फार जड आहे बुवा." हृषिकेश म्हणाला होता, "रेसर वहिनी, क्रीटमधल्या बकऱ्यांना कळवलंय ना?" सगळे हसले होते. आपल्या अडतीसच्या स्पीडवर हसतायत असं समजून तीही हसली होती. वर सगळ्यांना खीर वाढली होती.

तिने फोनवरच्या सरकारी ॲपमध्ये शेवटच्या दंडाचा फोटो उघडला. हे कॅमेरे वरून, काचेतून फोटो काढतात. स्टिअरिंगमागे हिरवा टी-शर्ट, टी-शर्टात पोट, पोटावर टेकवलेला फोन. बाजूच्या सीटवर चारुता. मांडीवर कोथिंबीर वडीचा डबा, मान कलंडलेली, तोंड उघडं. गाढ झोपेत. सरकारदरबारी त्या क्षणी गाडी ती चालवत होती.

चारुता पुन्हा आत गेली नाही. अर्धा तास तिथेच बसून फोनवर टाइप करत राहिली. मग अडतीसच्या स्पीडने घरी आली.

भास्कर लॅपटॉपवर क्रीटचे बीच बघत होता. "मिळालं परमिट?"

"लायसन्स गेलं."

त्याने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "हां, ते. सांगणारच होतो. एक पत्र आलं होतं. अगं, तीन महिने तर आहेत, चुटकीसरशी जातील. आणि तिकडे मी आहे ना चालवायला. तू मस्त बाजूला बस. समुद्र बघ."

"बाजूलाच होते मी, भास्कर." तिने फोन त्याच्यासमोर धरला.

त्याने बघितलं. स्वतःला नाही, तिला बघून त्याला हसू आलं. "काय झोपलीयस! अगं पण हे फोटो कोण बघतंय? इथले सगळे करतात. तो हृषिकेश तर सासूच्या नावावर टाकतो."

"त्यांना बघायला सांगितलंय. फोटोसकट लिहून पाठवलं. चारी वेळा गाडी तू चालवत होतास, मी खोट्या सह्या केल्या, असं. कबुली आहे."

भास्करचं हसू गेलं. लॅपटॉप त्याने आपटून मिटला. "डोकं फिरलंय का तुझं? माझं लायसन्स जाईल! बीच सगळे लांब लांब आहेत तिकडे. गाडी कोण चालवणार?"

"बसचा ड्रायव्हर."

"चारू, खोट्या सहीला त्या चारही दंडांपेक्षा मोठा दंड आहे. तुला होईल. वर रेकॉर्डला लागेल. तुझ्या! एवढं तरी कळतं का तुला?"

"कळतं," चारुता म्हणाली. तिने गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. सोमवारला अजून चार दिवस होते. "माझ्या नावावर एक तरी गुन्हा माझा असू दे."