काचेआडचा अजगर

"हा अमेरिकेचा कॉर्न स्नेक, बिनविषारी. ही आपली घोणस, फुसफुसली की कुकरची शिट्टीच." सर्पोद्यानातल्या काचांवर काठी टेकवत शिदू पाहुण्यांना साप ओळखायला शिकवत होता. शेवटच्या काचेशीही त्याचा आवाज तसाच सपाट राहिला. "हा आफ्रिकेचा अजगर. भ्याला की अंगाचा चेंडू करतो. पानांखाली झोपलाय."

अजगर आठवड्यापूर्वीच मेला होता. दुसरा येईपर्यंत असंच सांगायचं, असा साहेबांचा हुकूम होता.

"दिसला की! ती बघ शेपटी!" एक पाहुणा बायकोला म्हणाला. रोज कुणाला तरी दिसायचाच.

एका चिमुरडीने मात्र काचेला नाक लावलं. "काका, खोटं कशाला बोलताय? इथं कुणीच नाही."

शिदूने काचेवरची काठी खाली घेतली. सहा महिने घरीही तो हेच करत होता. धाकटा भाऊ सर्जा दुबईत बांधकामावरून पडून गेला, तिकडेच त्याला अग्नी दिला. अधू डोळ्यांच्या आईला मात्र शिदू रोज त्याची खुशाली सांगायचा.

संध्याकाळी लसूण सोलता सोलता आईने विचारलं, "सर्जाचा फोन आलता का रं?"

शिदू तिच्याशेजारी टेकला. "आई, सर्जा न्हाई राहिला. सहा म्हैनं झालं." त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही.

आईने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली, दुसरी उचलली.

"तरीच," ती म्हणाली, "तुझ्या सांगण्यात त्यो रोज बरा असायचा. इतक्या दिवसांत एकदाबी माझ्यावर चिडला न्हाई त्यो."