गळका जोड

ज्ञानबांचा फोन दुकानात आला म्हणून फिशटँकवाला आदिनाथ त्यांचे टँक दुरुस्त करायला जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी पोचला, तर दाराला बाहेरून कुलूप. ज्ञानबा खिडकीच्या गजांमागे उभे होते. त्यांच्या शेजारीच माशांच्या दोन टाक्यांना जोडणारा पाइप गळत होता आणि फरशीभर पाणी झालं होतं.

"चावी लेकाकडं असती. मागं एकदा मी वाट चुकलो. तवापासनं कामावर जाताना त्यो कुलूप लावून जातो."

आदिनाथने लेकाला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे. सहापर्यंत येतो," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. तोवर दोन्ही टाक्या रिकाम्या झाल्या असत्या.

"आजोबा, आता तुमीच करा. मी हितनं सांगतो," म्हणत आदिनाथने टेप आणि पाना गजांतून आत दिला.

ज्ञानबांनी दोन्हीकडचे कॉक बंद केले, जोड खोलला, टेप गुंडाळली. मधेच थांबून ते सांगोल्याकडच्या आपल्या मेंढरांबद्दल सांगायचे. आदिनाथ ऐकून घ्यायचा आणि पुढचं काम सांगायचा. तासाभराने जोड आवळून कॉक उघडले, तर गळती थांबली होती.

"लई झ्याक जमलं की! आता दोन-तीन वर्षं बघायला नको."

ज्ञानबांचा चेहरा उतरला. "मंजी उद्या तू यायचा न्हाईस?"

आदिनाथ काही बोलायच्या आत त्यांनी पाना उचलला आणि जोड अर्धा फेरा सैल केला.