शेवंतीची हजेरी

या, असे जवळ सरकून बसा. एका हत्तिणीची गोष्ट सांगायची आहे. ऐकून संताप आला तर गिळू नका.

प्राण्यांची बोली मराठीत सांगणारं यंत्र शहरातल्या प्राणिसंग्रहालयात बसवलं, तेव्हा कुंदाताई आपली बालवाडी घेऊन गेल्या. हत्तीण पिंजऱ्याच्या गजांवर डोकं घासत घोगरं ओरडत होती आणि यंत्राचा भोंगा गोड गळ्यानं म्हणत होता, "या बाळांनो, मी इथं मजेत आहे."

"हे तिचेच शब्द का हो?" कुंदाताईंनी व्यवस्थापकाला विचारलं.

तो हसला. "ताई, खरं ऐकवलं की मुलं रडतात. आईबाप तक्रार करतात."

"रडू देत. डोळे पुसायला मी आहे. देवानं दिलेल्या कंठात तुम्ही जाहिरात कोंबता? बटण फिरवा, खरं ऐकवा."

ताईंच्या त्या आवाजापुढं त्यानं बटण फिरवलं.

"शेवंती कुठं आहे?" भोंगा म्हणाला.

शेवंती म्हणजे हत्तिणीचं पिल्लू. मागच्याच महिन्यात परगावी धाडलेलं.

बालवाडीत हजेरीला नाव पुकारलं आणि ते मूल नसलं, की बाकीची मुलं उत्तर देतात. त्याच सवयीनं सगळी हाताची घडी घालून एका सुरात म्हणाली, "शेवंती आली नाही."

हत्तिणीनं पुन्हा विचारलं. मुलांनी पुन्हा सांगितलं. मग चिमुरडी रेणू व्यवस्थापकाकडे वळली. "काका, ती का नाही आली?"

त्याचा हात बटणाकडे गेला. कुंदाताईंनी त्यावर तळवा ठेवला. "आधी पोरीला उत्तर द्या."

उत्तर अजून आलेलं नाही. म्हणून सांजवात लावाल, तेव्हा आपल्या लेकरांबरोबर शेवंतीचंही नाव घ्या.