पिवळा साका

जोबनपुत्रा साहेबांना त्या दुपारी मिळायचं होतं ते असं: श्रीखंड-पुरीचं जेवण, घरी न्यायला गाठियांचा पुडा, आणि जेवणाआधी लिंबू सरबत, ज्यात लिंबाचा वाटा नावापुरता. दारूबंदीच्या मुलखात बाहेरगावच्या परीक्षकाचा मान असाच राखतात. शाळेच्या प्रयोगशाळेत इथेनॉलची बाटली कायद्याने असते, परीक्षेच्या कामासाठी असते, आणि परीक्षकाची सरबराई हे परीक्षेचंच काम. बदल्यात रसायनाचे शिक्षक हरकिशनभाई यांना मिळायचे होते सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण. गुणपत्रकावर साहेबांची सही त्यांनी सकाळीच घेऊन ठेवली होती, आकडे मागाहून भरायचे म्हणून.

शेवटच्या टेबलावरच्या जशू बोरीचाला मिळायची होती राजकोटच्या फार्मसी कॉलेजातली जागा. गुण मोजून बघितले तर काठावर.

एक पेला पोटात आणि दुसरा हातात घेऊन साहेब तिच्या टेबलापाशी आले. कागदावर नजर टाकून थांबले.

"हे काय, बेन? 'पिवळा साका आला नाही'?"

"नाही आला, साहेब."

"सगळ्यांचा आला."

"सगळ्यांना नानजीकाकांनी कानात सांगितला. मी करून बघितला."

पुढच्या टेबलावर कोणीतरी फिसकन हसलं. प्रयोगशाळेचा मदतनीस नानजी एकदम बर्नर पुसायला लागला.

हरकिशनभाई लगबगीने पुढे आले. "नीट तापवलं नसशील. आयोडीन, वर कॉस्टिक सोडा, जरा कोमट करायचं. इथेनॉल आहे म्हटल्यावर तळाला पिवळं बसणारच. लिही 'आला' आणि जा घरी."

"हे इथेनॉल नाही, सर. मेथेनॉल आहे."

"अगं, बाटलीवर लिहिलंय!"

"बाटलीवर आहे ते बाटलीवर लिहिलंय. आत आहे ते मी लिहिलंय."

साहेबांना गंमत वाटली. सरबत चढायच्या बेतात होतं. "बघा, हरकिशनभाई, तुमची पोरगी एक कार्बन खाऊन बसली! बेन, दोन कार्बनचं ते इथेनॉल, माणूस गातो. एका कार्बनचं ते मेथेनॉल, माणसाचे डोळे..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी हातातला पेला बघितला. मग टेबलावरची बाटली.

"सरबत कुठल्या बाटलीतलं?"

इथेनॉलची बाटली शाळेत एकच होती.

आता हिशेब फिरला. जशू चुकली असेल तर साहेब वाचले. ती बरोबर असेल तर तिला फार्मसी आणि साहेबांना आंधळ्याची काठी. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि बाह्या वर केल्या. "स्वच्छ नळी दे. मी करतो."

त्यांनी बाटलीतले थेंब नळीत घेतले, आयोडीन घातलं. तपकिरी रंग. वरून सोडा थेंबाथेंबाने. रंग फिकट झाला, गेला. मग नळी कोमट पाण्यात धरली. सगळा वर्ग माना लांब करून उभा.

"ये... ये की गं," हरकिशनभाई नळीलाच विनवत होते.

नळी पाण्यासारखी नितळ राहिली.

"नानजी!"

नानजीच्या हातातलं फडकं थांबलं. "तपासणीवाले येणार होते, साहेब. ही बाटली रिकामी. शेजारच्या मेथेनॉलच्या बाटलीतून भरली. दोन्ही दिसायला सारख्या, जळायला सारख्या."

"रिकामी कोणी केली?"

नानजीने हरकिशनभाईंकडे बघितलं. हरकिशनभाईंनी खिडकीकडे. "सरबत सर दार लावून करतात," नानजी पुटपुटला. "मला कोण विचारतंय?"

"साहेब, आत्ता काही होत नाही म्हणून बसून राहू नका," जशू म्हणाली. "सिव्हिलला जा. आणि काय प्यायलात ते नाव घेऊन सांगा."

"नाव?" हरकिशनभाई दचकले. "शाळेत बसून प्यायले असं सांगायचं?"

"उतारा ठाऊक आहे ना, हरकिशनभाई?" साहेब कोरड्या ओठांनी हसले. "दोन कार्बनचीच दारू. आता डॉक्टर सही करून पाजेल." बाटली काखेत मारून ते नानजीच्या खांद्याला धरून निघाले. दारातून वळून म्हणाले, "हिला पूर्ण गुण द्या."

"म्हणजे काय, साहेब! निघा तुम्ही."

रिक्षाचा आवाज विरला. वर्ग पांगला. हरकिशनभाई जशूच्या टेबलापाशी येऊन बसले.

"बस, दीकरी. तुझं बरोबर धरलं तर बाकी सगळ्यांचं चूक. मग बाटलीत काय होतं, कसं कळलं, कोण प्यायलं, सगळं आलंच. 'नाही' तेवढं खोड. पाचपैकी पाच देतो."

"आणि सिव्हिलमध्ये साहेब काय सांगतायत?"

"ते सिव्हिलच्या कागदावर. आपला कागद आपला."

जशूने पेन उघडलं. 'आला नाही'कडे बघितलं. मग टोपण लावलं, साहेबांनी वापरलेली नळी धुतली, नळ्यांच्या घोडीत उलटी ठेवली आणि दप्तर उचललं.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलमधून निरोप आला: साहेबांना नीट दिसतंय, नर्सवर खेकसतायत. हरकिशनभाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि गुणपत्रक भरायला घेतलं. साहेबांचे डोळे राहिले, नानजीची नोकरी राहिली, शाळेचा निकाल राहिला. वर्गातल्या सगळ्यांना पाच. जशूला दोन.

खाली जोबनपुत्रा साहेबांची सही होतीच, ठळक, एका रेषेत.