कातालिनाची आरी

व्हेर्नोने सहावा पट्टा खिडकीपाशी नेला, उजेडात आडवा धरला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तो पट्टा घेऊनच तो कामाच्या बाकाशी परत आला. उरलेल्या पाचांकडे त्याने पुन्हा पाहिलंही नाही.

"हा," तो म्हणाला. "सगळ्या बॅगांच्या कडा मला अशा हव्यात. कोणाचा आहे?"

पट्टा कातालिनाचा होता. बॅगा पॅरिसला जायच्या, म्हणून सोमवारी हा तिथला साहेब इथे स्पेनमध्ये, उब्रिकेच्या या चामड्याच्या कारखान्यात येऊन थडकला होता. बाकावरच्या सहाही बायकांपुढे त्याने रंग लावायची हत्यारं मांडली होती. कुंचला, टोकाला लोकर गुंडाळलेली काडी आणि पितळी दांड्याचा इवलासा रूळ. चामड्याला भोकं पाडायची टोकदार आरी तर जिची तिची होतीच. जिला जे हवं त्याने तिने तीन दिवसांत आपला पट्टा रंगवायचा आणि जिची कड उत्तम, तिचं हत्यार पुढे सगळ्यांनी वापरायचं, असं ठरलं होतं. तेव्हा कातालिनाने तो रूळ चिमटीत धरून विचारलं होतं, "हे काय, घराला चुना काढायला आणलंय?" सगळा कारखाना हसला होता.

आणि हसणारच. एकोणतीस वर्षं कातालिना कडेचा रंग आरीने देत आली होती. आरीच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि श्वास रोखून तो कडेवरून एका दमात ओढायचा. हात जरा हलला की रंग चामड्यावर उतरलाच, पट्टा वाया. आणि कातालिनाचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून हलत होता. फर्मीनला, म्हणजे मालकाला, हे कळतं तर त्याने तिला दुसऱ्या दिवशी तळघरात खोकी बांधायला पाठवलं असतं. माणूस वाईट नव्हता तो, पण धंदा तो धंदा.

म्हणून तीन दिवस तिने चोरी केली. दहाच्या सुट्टीत बाकीच्या कोपऱ्यावर टोस्ट खायला गेल्या की ती पोट दुखतंय म्हणून मागे राहायची आणि हळूच रूळ काढायची. रोज रंगाचा एक हात, दुसऱ्या दिवशी त्यावर पॉलिश पेपर, पुन्हा एक हात. हात थरथरला काय नि न थरथरला काय, रुळाला त्याचा पत्ता नसतो. हे इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. थोडा रागही आला होता.

"कोणाचा म्हणून काय विचारता!" फर्मीन पुढे झाला. "आमच्या कातालिनाचा. आरीचं काम आहे, साहेब. हिने जन्मात दुसरं काही हातात धरलेलं नाही. विचारा तिलाच."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. रुळाने केलं, एवढंच म्हणायचं होतं. पण सोमवारचं ते हसू अजून भिंतींना चिकटलेलं होतं. कातालिनाने होकाराची मान हलवली. हलवली आणि तेव्हाच तिला कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"मग ठरलं. सगळ्यांनी आरी." व्हेर्नोने सहा रूळ गोळा करून डब्यात टाकले. कातालिनाचा पुसून लख्ख केलेला होता, न वापरल्यासारखा. "बाई, एक पट्टा आत्ता करून दाखवा ना. बाकीच्या बघतील."

तिच्यापुढे कोरा पट्टा आला. रंगाची वाटी आली. बायका खुर्च्या ओढून जवळ सरकल्या. कातालिनाला एकाएकी फार थकवा आला. तीन दिवसांच्या उपासाचा होता, हात सतत एप्रनखाली दडवण्याचा होता, कॉफीचा कप डाव्या हाताने उचलण्याचाही होता. तिने आरी उचलली, टोकाकडे पाहिलं आणि ती शेजारच्या पाकापुढे धरली.

"तू कर. मी सांगते."

या गावात आपली आरी दुसऱ्याच्या हातात देतात ती एकदाच, बाकावरून कायमचं उठताना. व्हेर्नोला ते कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, शिकवायची रीत असेल. फर्मीन मात्र हसायचा थांबला.

पाका बावीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसत होती आणि त्यातली वीस बाकावरचा दिवा कुणी आपल्याकडे ओढला यावरून भांडण्यात गेली होती. तिने आरी घेतली नाही. खाली वाकून ती पुटपुटली, "मला ठाऊक होतं गं. तीन दिवस तुझी आरी कोरडी ठणठणीत होती. सांगून टाक ना, बाई, रुळाने केलं म्हणून. हसतील चार दिवस. उठू नकोस."

"सोमवारी सगळ्यात मोठ्यांदा तूच हसलीस."

"मी काय, मी कशालाही हसते."

"काय म्हणतायत त्या?" व्हेर्नोने विचारलं.

कातालिनाने पाकाची मूठ उघडली, तीत आरी ठेवली आणि मूठ मिटली.

"काही नाही, साहेब. विचारतेय, सुरुवात कुठून करायची," ती म्हणाली आणि पाकाला बसायला आपली खुर्ची दिली.